एकदाच विचारणारे शेजारी

सांगूनच टाकते. घर बदलायला आठ दिवस उरलेले असताना एका भल्या माणसानं आपणहून देऊ केलेला अख्खा पिकअप ट्रक मी माझ्या तोंडानं "नको नको" म्हणून परत पाठवला होता. आमचं सामान तिसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे वाहन म्हणून एक जुनी बुटकी गाडी, जिच्या डिकीत माझं शिलाईमशीन आडवंसुद्धा जात नव्हतं. तरी मी "नको" म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, तर मान थोडी कलती करून, हात हलवून, गोड हसून म्हणाले. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. म्हणजे वय लहान होतं असंही म्हणायची सोय नाही.

ही गोष्ट दोह्यातली, दोन हजार सालाच्या पुढेमागे घडलेली. आम्ही अल मन्सूरात एका जुन्या इमारतीत राहायचो. खाली किराणावाला, त्याच्या शेजारी केरळी हॉटेल, आणि वर चारही मजले आपल्याच लोकांनी भरलेले. समोरच्या दारात हैदराबादी, वरती मलयाळी, खाली रायगडकडची एक खटपटी मुस्लिम बाई. माझी कोथिंबीर संपली तर मी पिशवी घेऊन खाली जात नसे, जिन्यात उभी राहून ओरडत असे. मी स्वतः रत्नागिरीकडची, त्यामुळे ओरडण्याच्या बाबतीत लहानपणापासून तयार.

मग ह्यांची बदली दूर उत्तरेला, रास लफानच्या गॅसच्या कामावर झाली. शनिवारी पहाटे जायचं, तिथल्या कॅम्पवर राहायचं आणि बुधवारी संध्याकाळी परत यायचं. त्याच्या बदल्यात कंपनीनं आम्हाला अबू हमूरमध्ये एका कंपाउंडमधलं, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीतलं, घर दिलं. दोन मजली, पुढे चिमूटभर अंगण, आत लाकडी जिना. आज अबू हमूर म्हणजे मॉल नि गर्दी. तेव्हा कंपाउंडच्या फाटकाबाहेर पडलं की पिवळी माती आणि लांबवर दुसऱ्या कंपाउंडची भिंत. मला गाडी चालवता येत नव्हती. ओरडले असते तरी वाळूखेरीज कुणी ऐकलं नसतं. तिथे मी आणि आठ वर्षांची मुलगी, आठवड्यातले पाच दिवस.

घर मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. जिना बघून तर मी मनातल्या मनात दोनदा चढून उतरूनसुद्धा आले. पण खरी काळजी होती ती शेजाराची. त्या कंपाउंडमध्ये एकेका भिंतीला चिकटून दोन दोन घरं होती. आमच्या भिंतीपलीकडे जे कोण असेल तेच माझं मन्सूरा असणार होतं. ते चांगले निघाले तर ठीक, नाहीतर बुधवारची वाट बघत बसायचं.

"शेजारी वेल्श आहेत," ह्यांनी चौकशी करून आल्यावर सांगितलं.

"म्हणजे इंग्रजच ना?"

"त्यांच्यासमोर म्हणू नकोस हां. तुला कुणी घाटावरची म्हटलं तर?"

त्या एका वाक्यात मला त्या देशाचा अख्खा इतिहास-भूगोल समजला. पुन्हा कधी चूक केली नाही.

पहिल्यांदा आम्ही तिथे गेलो ते घर झाडायला-पुसायला, गुरुवारी. मे महिना होता. ह्यांनी मला, मुलीला, दोन बादल्यांना आणि झाडूला उतरवलं आणि प्लंबरला आणायला निघून गेले. एसी अजून जोडलेला नव्हता. मी पदर खोचून कामाला लागले तोच मधल्या बुटक्या भिंतीवरून दोन डोकी दिसली. एक उंच, वाळवंटात राहून विटेसारखं लाल झालेलं. दुसरं पांढऱ्या आखूड केसांचं, चष्मेवालं. तो गॅसच्या प्लांटवर कामगारांना शिकवायचा, ती शाळेत शिकवायची. दोघं पन्नाशीचे. आपल्याला नावानंच हाक मारा, असं त्यांनी लगेच सांगून टाकलं. मला ते कुठलं जमायला. मी घरी त्यांना तांबडे भाऊजी आणि वहिनी म्हणायला लागले, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

"उन्हाचं किती काम करताय," वहिनी इंग्रजीत म्हणाल्या. "चहा आणू?"

घसा इतका कोरडा पडला होता की फिनेलसुद्धा प्यायले असते. मी म्हणाले, "नो नो, प्लीज! कशाला त्रास?"

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मुलीला ज्यूस?"

"नो नो, आत्ताच पाणी प्यायलीय."

"बरं." आणि हसून दोघं आत गेले.

मी तिथेच उभी. हातात झाडू. आता पुन्हा विचारायला येतील म्हणून.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते, जरी मराठी घरात वाढलेल्या कुणाला कळणार नाही असं वाटत नाही. आमच्याकडे पहिलं "नको" हे दाराची बेल वाजवण्यासारखं असतं. त्यावर समोरच्यानं म्हणायचं, "अहो, त्रास कसला, ठेवतेच आहे आमच्यासाठी." मग दुसरं "नको" येतं, जरा मऊ. मग समोरच्यानं सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागायचं, म्हणजे आपण पाठीमागून म्हणायचं, "बरं, अर्धाच कप हां." अर्धा कप म्हणजे पूर्ण कप, हे दोघांनाही ठाऊक असतं. माझ्या आत्यानं तर एकदा पाचव्यांदा "नको" म्हटलं होतं आणि नंतर तीन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. विचारल्याबरोबर "हो, द्या" म्हणणारी बाई म्हणजे आमच्या गावात पंधरा दिवस बोलायला विषय.

तर मी वाट बघत उभी राहिले. पाच मिनिटांनी खिडकीतून पाहिलं तर दोघं आपापला चहा घेऊन निवांत बसलेले. बशीत बिस्किटंसुद्धा होती.

"कंजूष," मी पुटपुटले.

"आई, यू सेड नो," माझी मुलगी म्हणाली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र इंग्रजीतूनच द्यायची, तेही नको त्या वेळी. "टू द ज्यूस ऑल्सो."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," मी म्हणाले. मोठ्यांच्यात तिथे मी आणि झाडू एवढेच होतो.

त्याच दिवशी निघायच्या सुमाराला तो ट्रकचा प्रसंग घडला. भाऊजी भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले. "पुढच्या शुक्रवारी येताय ना? सामान कसं आणणार? माझा पिकअप आहे. मी आणि माझा एक मित्र येतो. सकाळी रस्ते मोकळे असतात. दुपारपर्यंत खलास."

मला आनंदानं गुदगुल्या झाल्या. शेजारी असावा तर असा! त्या आनंदात मी अधिकच लाजले, अधिकच मान कलती केली आणि म्हणाले, "नको नको! तुम्ही कशाला दमताय? आमचं सगळं ठरलंय. एव्हरीथिंग अरेंज्ड!"

काहीही ठरलेलं नव्हतं. ते "सगळं ठरलंय" म्हणजे आग्रहाला जागा करून दिली होती मी. आता ते म्हणतील, ठरलेलं मोडा, मी असताना दुसरं कशाला. मग मी म्हणेन, अहो, तुम्हाला सुट्टीच्या दिवशी… मग ते म्हणतील…

"मग उत्तमच," भाऊजी म्हणाले आणि शीळ घालत आत गेले.

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हे माझ्या बाजूनं बोलतील.

"किती वेळा विचारलं त्यानं?"

"एकदाच! एकदा विचारून माणूस असा निघून जातो का हो?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी आपलं नेहमीसारखं म्हणाले."

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "अगं, त्याला तुझं नेहमीसारखं काय माहीत? तो तुला आज पहिल्यांदा भेटला!"

"मग शिकेल हळूहळू."

"शुक्रवारपर्यंत?"

तरी अजून तसं काही बिघडलं नव्हतं. ह्यांच्या कंपनीत साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर होता, तो कंपनीची गाडी घेऊन येतो म्हणाला. मी जोमानं बांधाबांध सुरू केली. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, मसाल्याच्या बरण्यांना प्लास्टिकची टोपडी घातली, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिण्याऐवजी "महत्त्वाचे" असं लिहिलं. सगळ्याच खोक्यांवर. हे शहाणपणसुद्धा अडतिसाव्या वर्षाचंच.

मंगळवारी आम्ही पडदे लावायला अबू हमूरला गेलो. वहिनी अंगणात कुंडीला पाणी घालत होत्या. मी जोरात हात हलवला. त्यांनीही हलवला, पण चार बोटांनी, आणि नळ बंद करून आत गेल्या. भिंतीपाशी आल्या नाहीत. भाऊजी तर बाहेरच आले नाहीत, आत टीव्हीचा आवाज येत होता.

मी शिडीवर चढून पडद्याच्या कड्या ओवत होते, पण लक्ष सगळं भिंतीकडे. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ट्रकची नव्हे. पाच दिवसांची. ह्या घरात संध्याकाळी मुलीला ताप चढला तर मी कुठल्या दारावर थाप मारणार होते? ज्या दाराला मी चहालाही नको म्हटलं, ज्यूसलाही नको म्हटलं आणि मदतीलाही नको म्हटलं, त्याच दारावर.

"काहीतरी बिनसलंय हो," मी शिडीवरून म्हणाले.

"काही बिनसलं नाही. त्यांना वाटलं असेल, बाईला आपण नकोयत."

"पण मी कधी म्हटलं?"

"तीन वेळा," हे म्हणाले. "हिशेब तूच दिलास."

मी शिडीवरून उतरले, पदरानं तोंड पुसलं, आणि जाऊन शेजारची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. मी एका दमात म्हणाले, "गुरुवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या. जुन्या घरी. दोघांनीही."

आता बाईंनी म्हणायला हवं होतं की अहो, तुमची बांधाबांध चाललीय, कशाला घाट घालताय. मी पुढच्या आग्रहाची वाक्यंसुद्धा इंग्रजीत जुळवून ठेवली होती.

"अरे वा! आवडेल आम्हाला," वहिनी म्हणाल्या. "किती वाजता?"

एकदाही "नको" न म्हणता! मी पडदे राहिले तिथे परत गेले आणि ह्यांना म्हणाले, "हावरट दिसतात, पण मनानं बरी असावीत."

बुधवारी संध्याकाळी साताऱ्याच्या ड्रायव्हरचा फोन आला. बिचारा फार वाईट वाटून बोलत होता. शुक्रवारी साहेब त्याची गाडी पार दुसऱ्या टोकाला, दुखानला पाठवणार होता, त्याचा इलाज नव्हता. हे फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"आता उद्या भाऊजी जेवायला येतायतच. मी विचारतो त्यांना."

"मुळीच नाही."

"का?"

"अहो, देत होते तेव्हा नको म्हटलं आणि आता जेवायला बोलावून मागायचं? त्यांना वाटेल, ट्रकसाठीच पुऱ्या तळल्या."

"मग सामान कसं न्यायचं? फ्रिज मी डोक्यावर घेऊ?"

"काहीही करा. पण उद्या ट्रकचा शब्द काढायचा नाही. शपथ घ्या माझी."

ह्यांनी शपथ घेतली. माझ्या नवऱ्याचा स्वभाव मला तेव्हाच ओळखता यायला हवा होता. इतक्या मुकाट्यानं तो कधीच काही कबूल करत नाही.

गुरुवारी जेवणाचं टेबल पाय काढून भिंतीला टेकवलेलं होतं, म्हणून सतरंजी अंथरली. वहिनी ऐटीत मांडी घालून बसल्या. भाऊजींची मांडी मात्र कुठल्याच कोनात बसेना, त्यामुळे त्यांना "महत्त्वाचे" लिहिलेल्या एका खोक्यावर बसवलं, ताट दुसऱ्या खोक्यावर ठेवलं. पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी, तळलेली कनाद, म्हणजे आपली सुरमई हो, आणि श्रीखंड. दोह्यात श्रीखंडाला चक्का टांगत बसावं लागत नाही, लबनेचा, म्हणजे तिकडच्या घट्ट दह्याचा, डबा आणला, साखर-वेलची घातली, फेटलं, झालं. शिवाय पावडरच्या नारळाच्या दुधाची सोलकढी. ती गुलाबी बघून भाऊजींना वाटलं स्ट्रॉबेरीचं दूध आहे, त्यांनी मोठा घोट घेतला आणि नंतर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. पण पेला संपवला.

आणि इथूनच खरी गंमत सुरू झाली. त्या भाऊजींना त्यांच्या आईनं शिकवलं होतं की ताटात वाढलेलं पूर्ण संपवायचं. मला माझ्या आईनं शिकवलं होतं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. त्यांनी पुरी संपवली, मी पुरी वाढली.

"नो, थँक यू. फार छान होतं सगळं."

मी आणखी दोन वाढल्या. "नो" म्हणणारच की, चांगल्या घरचा माणूस आहे.

त्यांनी दोन्ही खाल्ल्या. मी भाजी वाढली. "खरंच नको," म्हणाले. मी श्रीखंड वाढलं. ते आधीच लाल, आता आणखी लाल झाले. शर्टाचं वरचं बटण उघडलं. माशाचा तिसरा तुकडा वाढायला मी वाकले तेव्हा त्यांनी बायकोकडे अशी नजर टाकली, जशी बुडणारा माणूस किनाऱ्याकडे टाकत असेल.

"थांबा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी शिक्षिकेसारखा हात वर केला. "मला एक समजत नाहीये. हा चार वेळा नको म्हणाला. तुम्ही चारही वेळा वाढलंत. तुम्हाला ऐकू येत नाही असं तर नाही."

मी कढई हातात घेऊन उभी. काय सांगू? सगळ्या जगाला जे ठाऊक असतं ते इंग्रजीत कसं सांगतात?

तेव्हा आमचे हे खाकरले. "त्याचं काय आहे," हे इतक्या गंभीरपणे बोलायला लागले की मला तिथेच संशय यायला हवा होता, "आमच्याकडे पहिलं नको हे खरं नको नसतं. दुसरंही बहुतेक नसतं. ते फक्त चांगल्या वळणाचं लक्षण असतं. समोरच्यानं पुन्हा पुन्हा विचारायचं असतं. ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओरडल्याशिवाय ही थांबणार नाही."

भाऊजींनी ताबडतोब ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशीचा चहा…"

मी कढईत बघत होते.

"हवा होता?"

"थोडासा," मी म्हणाले.

"आणि ज्यूस?"

"यस!" माझी मुलगी कोपऱ्यातून ओरडली. "सो मच!"

वहिनींच्या डोळ्यांत पुढचा प्रश्न येऊन उभा राहिलेला मला दिसत होता. मी मनात म्हणाले, नको, बाई, ह्यापुढे नको. हे माझं त्या आठवड्यातलं एकमेव खरंखुरं "नको" होतं आणि नेमकं ते मी मोठ्यानं म्हणाले नाही.

"आणि ट्रक?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं, "मी ट्रकबद्दल एक शब्दही बोलणार नाही. मला शपथ घातलीय."

भाऊजी आधी हसले. असे हसले की त्यांच्याखालचं "महत्त्वाचे" खोकं एका बाजूला चेपलं आणि ते सावकाश, मानानं, सतरंजीवर येऊन बसले. मग वहिनी हसल्या, मग मुलगी, मग हे. मी शेवटी हसले, कारण माझ्या हातात गरम कढई होती आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"मग उद्या सकाळी सात," भाऊजी जमिनीवरून म्हणाले.

"नको, इतक्या सकाळी तुम्ही…" मी सुरुवात केली.

"सात!" वहिनी, भाऊजी, हे आणि माझी मुलगी एका सुरात ओरडले.

शुक्रवारी सातच्या आधीच खाली हॉर्न वाजला. भाऊजींबरोबर त्यांचा मित्रही आपला पिकअप घेऊन आला होता. जिन्यात भाऊजी अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत फ्रिजच्या खालच्या टोकाला, मित्र वरच्या टोकाला, आणि हे मधोमध नुसतेच सूचना देत. माझे मन्सूराचे सगळे शेजारी दारादारात उभे राहून आणखी सूचना देत होते, चार भाषांत. मी कुठेतरी नंतर वाचलं की वेल्श माणसं फार गोड गातात. असतील. आमचे भाऊजी कपाट उतरवताना जे गात होते ते ऐकून वरच्या मलयाळी बाईनं खिडकीतून विचारलं की कुणाला लागलं का? वहिनी अबू हमूरला थांबल्या होत्या; मी सामानाबरोबर तिथे पोचल्यावर एकेक खोकं उतरलं की त्या मला विचारायच्या, हे कुठे ठेवायचं? प्रत्येकावर एकच शब्द. त्यांनी तो शब्द हुबेहूब काढायला शिकून घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या मालकीच्या कुठल्याही खोक्यावर तो देवनागरीतच लिहीत राहिल्या. दुपारच्या नमाजाआधी आमची चूल नव्या घरात पेटली होती.

आता हे इथंच संपलं असतं तर मी शहाणी झाले असं म्हणता आलं असतं. मी ठरवलंही होतं तसं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वहिनींनी जे जे विचारलं त्याला मी पहिल्या फटक्यात "यस" म्हणत गेले. इस्त्रीचं टेबल हवं का? यस. हातानं केलेला जॅम? यस. आमच्याकडे एक जादा लोखंडी बाक आहे, तो अंगणात ठेवाल का? यस. बाक चार माणसांनाही न हलणारा निघाला आणि बरोबर माझ्या कपडे वाळत घालायच्या जागी येऊन बसला. पण "यस" म्हणाले होते ना.

शनिवारी पहाटे हे रास लफानला गेले. दारातून म्हणाले, "घाबरू नकोस." मी म्हणाले, "घाबरतेय कोण?" गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी हात हलवत होते, नंतरही थोडा वेळ हलवत होते.

दिवस खोकी उघडण्यात गेला. मुलगी शाळेतून आली, जेवली, जिन्यावर दहा वेळा वरखाली धावली आणि टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगायला लागली. मग संध्याकाळची अजान झाली. मन्सूरात ह्या वेळी चार घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या एकमेकींना उत्तरं देत असत. कुणाच्या तरी घरात पोरगं मार खात असे, जिन्यात चपला वाजत असत. इथे नुसता एसीचा घुंघुं आवाज. मी एक खोकं उघडलं, त्यात परत वर्तमानपत्रंच निघाली, आणि का कोण जाणे, मला ती मन्सूराची वर्तमानपत्रं बघून रडू आलं. मोठं नाही. पदराच्या टोकावर मावेल इतपत.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वहिनी, रिकाम्या हातांनी, घरातल्या सपातांत.

"कशी आहेस?" त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी "यू" मला त्या दिवसापासून "तू"च ऐकू यायला लागलं. "काही हवंय का? बसू का थोडा वेळ तुझ्याबरोबर?"

आणि मी, जिला नेमकं हेच हवं होतं, जिनं गेले आठ दिवस ह्याच एका गोष्टीची काळजी केली होती, ती मी मान कलती करून, हात हलवून म्हणाले, "नो नो, आय ॲम फाइन! तुम्ही कालच्या दमलेल्या. कशाला उगाच त्रास?"

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं काय झालं ते. आता ह्या "बरं" म्हणतील आणि हसून जातील, आणि मी दार लावून घेईन.

वहिनी गेल्या नाहीत. चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या लाल डोळ्यांकडे बघितलं, दाराला टेकवलेल्या माझ्या हाताखालून वाकून आत शिरल्या आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. शेजारची जागा हातानं थोपटली. मी बसले. मग त्या जे बोलल्या ते इंग्रजीत बोलल्या, पण मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे:

"हे बघ, तुझ्याआधी ह्या घरात राहायचे ते कधी आमच्या दारातसुद्धा आले नाहीत. तू पहिल्या दिवशी चहा नको म्हणालीस तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, झालं, पुन्हा तेच नशिबात. पण आता मला नियम समजलाय. तू नको म्हणालीस की मी आत येऊन बसायचं. फक्त एकच सांगून ठेव, बाई: ज्या दिवशी मी तुला खरोखरच नको असेन, त्या दिवशी तू म्हणशील काय?"